लिंगाचा वाकडेपणा: कारणे आणि उपचार यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिंगाला आलेल्या बाकाविषयी पुरुष सहसा कोणाशीच बोलत नाहीत. मूत्ररोगतज्ज्ञाकडे आलेला माणूस आधी लघवीची तक्रार सांगतो, रक्तातील साखरेचा अहवाल पुढे करतो, तपासणी संपली की उठतो आणि दाराशी पोहोचल्यावर "अजून एक विचारायचं होतं" असे म्हणून थांबतो. तोवर दुखणे सुरू होऊन बहुधा कित्येक महिने उलटलेले असतात. या विकारात पहिल्या वर्षात करण्याचे उपचार वेगळे आणि त्यानंतरचे वेगळे असल्यामुळे ते महिने गप्प राहण्यात घालवणे महागात पडते. हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे मुख्यतः त्या दाराशी थांबलेल्या माणसासाठी लिहिली आहेत.

ताठरतेच्या वेळी लिंग थोडे वाकडे दिसले, तर तो आजार समजावा का?

नाही. ताठ झालेले लिंग मोजपट्टीसारखे सरळ असलेच पाहिजे, असा शरीराचा काही नियम नाही. ते किंचित डावीकडे, उजवीकडे, वर किंवा खाली झुकलेले असणे अनेक पुरुषांमध्ये आढळते. तो बाक तरुणपणापासून तसाच असेल, दुखत नसेल, वाढत नसेल आणि संभोगाच्या वेळी स्वतःला किंवा जोडीदाराला त्याचा त्रास होत नसेल, तर कोणत्याही उपचाराची गरज नाही. साधारणपणे ३० अंशांपर्यंतचा बाक संभोगाच्या आड येत नाही. मात्र अंशांचा आकडा एकटा पाहून निर्णय घेता येत नाही, कारण एखाद्याला ४० अंशांच्या बाकासह काहीच अडचण नसते, तर दुसऱ्याला त्याहून कमी बाकातही लिंग मध्येच दुमडल्यामुळे संभोग करता येत नाही. आधी सरळ असलेले लिंग अलीकडे वाकू लागले असेल, ताठरता वेदना देत असेल, हाताला आत टणक गाठ लागत असेल किंवा लांबी कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर मात्र तपासणी लांबवू नये.

लिंग वाकते तेव्हा आत नेमके काय झालेले असते?

लिंगात रक्ताने भरणाऱ्या दोन लांब नळ्या शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्या खालच्या बाजूने मूत्रमार्ग जातो. या दोन्ही नळ्यांभोवती ट्युनिका अल्ब्युजिनिया नावाचे मजबूत, पण ताणले जाणारे वेष्टन असते. उत्तेजना आली की नळ्यांत रक्त भरते, वेष्टन सर्व बाजूंनी सारखे ताणले जाते आणि लिंग ताठ होते. या वेष्टनाचा एखादा भाग ताणला गेला नाही, तर लिंग त्या बाजूला वाकते. सायकलच्या ट्यूबला पंक्चरचे ठिगळ लावून ती टायरबाहेर जास्त हवा भरून पाहिली, तर ठिगळाची बाजू आखूड राहते आणि बाकीची ट्यूब फुगून त्या बाजूला वळते, तसाच हा प्रकार आहे. लिंग शिथिल असताना वेष्टनावर ताण नसतो, म्हणून तेव्हा बाक दिसत नाही किंवा फारच थोडा दिसतो. शिथिल अवस्थेतील तपासणीत डॉक्टरांना बाक दिसला नाही, तर तक्रार खोटी ठरत नाही.

वेष्टनाचा भाग न ताणला जाण्याची कारणे मुख्यतः दोन आहेत. काहींमध्ये त्याची एक बाजू जन्मतःच कमी ताणली जाणारी असते, तर काहींमध्ये पुढे कधीतरी तेथे व्रणासारखा टणक चट्टा तयार होतो. या दुसऱ्या प्रकाराला पेरोनीचा विकार म्हणतात. दोन्हींचे उपचार बऱ्याच अंशी वेगळे असल्यामुळे त्यांतील फरक आधी समजून घेणे आवश्यक आहे.

जन्मजात वाकडेपणा कसा ओळखावा?

हा बाक पौगंडावस्थेत, म्हणजे ताठरता वारंवार येऊ लागल्यावर, लक्षात येतो. "मला आठवतं तेव्हापासून असंच आहे" हे वाक्य त्याची सर्वांत भरवशाची खूण आहे. बाक बहुधा खालच्या दिशेने असतो, कधी एका बाजूला असतो, गाठ हाताला लागत नाही, दुखत नाही आणि वर्षानुवर्षे त्यात बदल होत नाही. ताठरता चांगली असते.

याला औषध नाही, कारण येथे बरा करण्याजोगा चट्टाच नसतो. गोळ्या, मलम किंवा तेल यांपैकी कशानेही जन्मजात बाक सरळ होत नाही. बाक संभोगाच्या आड येत असेल किंवा त्याचे मनावर मोठे ओझे असेल, तर शस्त्रक्रिया हा उपाय आहे आणि ती लिंगाची वाढ पूर्ण झाल्यानंतर करतात. अमेरिकेतील शल्यचिकित्सक रीड नेस्बिट यांनी १९६५ साली अशाच जन्मजात बाकासाठी एक शस्त्रक्रिया मांडली. लांब असलेल्या बाजूच्या वेष्टनाचा लहानसा तुकडा काढून ती बाजू आखूड बाजूइतकी करणे, हे तिचे तत्त्व होते. आजच्या बऱ्याचशा शस्त्रक्रिया याच विचारावर उभ्या आहेत.

लहान मुलाचे लिंग खाली वाकलेले दिसत असेल तर काय करावे?

लघवीचे छिद्र टोकावर आहे की खालच्या बाजूला सरकलेले आहे, हे आधी पाहावे. छिद्र खाली असणे, पुढची त्वचा फक्त वरच्या बाजूला टोपीसारखी असणे आणि लिंग खाली वाकलेले असणे या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर त्या जन्मजात दोषाला हायपोस्पॅडियास म्हणतात. तो साधारण २०० ते ३०० मुलग्यांमागे एकात आढळतो, त्यामुळे पालकांनी घाबरून जाण्याचे किंवा स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. मुलांच्या शल्यचिकित्सकाकडून त्याची दुरुस्ती बहुधा वयाच्या सहाव्या ते अठराव्या महिन्यांच्या दरम्यान केली जाते. पुढच्या त्वचेचा उपयोग या दुरुस्तीत होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांचा सल्ला मिळेपर्यंत अशा बाळाची सुंता करू नये.

पेरोनीचा विकार म्हणजे काय?

फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचे शल्यचिकित्सक फ्रान्स्वा द ला पेरोनी यांनी १७४३ साली या विकाराचे वर्णन केले. जपमाळेच्या मण्यांसारख्या गाठींमुळे लिंग ताठरतेच्या वेळी वर वळते, असे त्यांनी नोंदवले आणि रुग्णांना बारेज येथील खनिज झऱ्यांच्या पाण्याची शिफारस केली. तो उपाय टिकला नाही, पण त्यांचे नाव या विकाराला कायमचे जोडले गेले.

आजच्या समजुतीप्रमाणे संभोगात लिंग वाकून किंवा दाबले जाऊन वेष्टनाच्या थरांत बारीक इजा होतात. बहुतेक पुरुषांमध्ये त्या कळतही नाहीत आणि भरून येतात. काहींमध्ये मात्र भरून येण्याची प्रक्रिया थांबायची तेथे थांबत नाही, कोलॅजेन हे धागेदार प्रथिन अस्ताव्यस्त साचत जाते आणि लवचीक वेष्टनाच्या जागी टणक चट्टा तयार होतो. पुढे कधी त्यात कॅल्शियम साचून तो हाडासारखा कडक होतो. चट्टा बहुधा वरच्या बाजूला होत असल्याने लिंगही बहुधा वर वाकते. तो दोन्ही बाजूंना किंवा गोलाकार पसरला, तर बाकाऐवजी लिंगाला मध्येच खाच पडते किंवा डमरूसारखी कंबर तयार होते आणि त्या जागी ते बिजागरीसारखे दुमडते.

बऱ्याच रुग्णांना एखाद्या विशिष्ट इजेची आठवण नसते. "मला कधी लागलंच नाही, मग हे कसं झालं?" असे ते विचारतात. मोठी इजा झालेली असण्याची गरज नाही, हेच त्याचे उत्तर आहे.

हस्तमैथुनामुळे लिंग वाकडे होते का?

होत नाही. हा प्रश्न सर्वाधिक वेळा आणि सर्वांत खालच्या आवाजात विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर निःसंदिग्ध देणे भाग आहे. नेहमीच्या हस्तमैथुनाने ना जन्मजात बाक येतो, ना पेरोनीचा चट्टा. किशोरवयातल्या सवयीमुळे आपण स्वतःचे नुकसान करून घेतले, ही अपराधी भावना वर्षानुवर्षे वाहणाऱ्या पुरुषांनी ती खाली ठेवावी. ताठ लिंग जोराने मुरगळणे किंवा ताठरता घालवण्यासाठी हाताने दाबून वाकवणे मात्र धोक्याचे आहे, कारण त्यातून वेष्टनाला खरोखरच इजा होऊ शकते.

हा विकार कोणाला होण्याची शक्यता जास्त असते?

तो बहुधा पन्नाशीच्या आसपास दिसतो, पण विशीतिशीतील पुरुषांनाही होतो. वेगवेगळ्या पाहण्यांत प्रौढ पुरुषांतील त्याचे प्रमाण १ टक्क्याहून कमी ते ९ टक्क्यांपर्यंत आढळले आहे. लोक सांगत नाहीत हे लक्षात घेता, तो समजला जातो तितका दुर्मीळ खचितच नाही. मधुमेह असलेल्यांत, ताठरतेची तक्रार असलेल्यांत आणि धूम्रपान करणाऱ्यांत तो अधिक दिसतो. कर्करोगासाठी प्रोस्टेट ग्रंथी पूर्ण काढलेल्या पुरुषांच्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे १६ टक्क्यांना तो झाला होता.

तळहाताच्या त्वचेखाली दोऱ्यांसारखे पट्टे तयार होऊन करंगळी किंवा अनामिका आत वळत जाते, त्या विकाराला ड्युप्युट्रेनचे आकुंचन म्हणतात. पेरोनीच्या सुमारे ५ रुग्णांपैकी एकामध्ये तोही आढळतो आणि दोन्ही विकार काही घराण्यांत दिसतात. लिंगाच्या तक्रारीसाठी गेल्यावर डॉक्टर तळहात पाहू लागले, तर त्याचे कारण हे आहे.

गाठ लागते म्हणजे कर्करोग तर नाही ना?

पेरोनीचा चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे आणि त्याचे पुढे कर्करोगात रूपांतर होत नाही. तो संसर्गजन्य नाही, त्यामुळे जोडीदाराला होत नाही. लिंगाच्या त्वचेवर न भरणारी जखम किंवा वाढणारा मांसल उंचवटा असेल, तर तो वेगळा विषय आहे आणि तो त्वरित दाखवावा.

विकाराचे दोन टप्पे कोणते आणि ते इतके महत्त्वाचे का मानतात?

पहिला टप्पा सक्रिय असतो. त्यात चट्टा घडत असतो, ताठरता दुखते, कधी शिथिल असतानाही दुखते आणि बाक महिन्यामहिन्याला बदलतो. हा काळ साधारण ६ ते १८ महिने चालतो. दुसऱ्या, स्थिर टप्प्यात दुखणे बहुधा थांबते आणि बाक किमान ३ महिने जसाच्या तसा राहतो.

सक्रिय टप्प्यात शस्त्रक्रिया करत नाहीत, कारण आज सरळ केलेले लिंग चट्टा वाढत गेल्याने पुन्हा वाकू शकते. या काळात वेदना कमी करणे, ताण देणाऱ्या उपकरणाने लांबी राखण्याचा प्रयत्न करणे, मधुमेहासारखे आजार ताब्यात आणणे आणि बाकाची नोंद ठेवणे ही कामे असतात. पुरुष दीड वर्षाने आला, तर ती सगळी संधी निघून गेलेली असते. त्याचे काही वाचवता येत नाही असे नाही, शस्त्रक्रिया तेव्हाही होते, पण पहिल्या महिन्यांत जे साधता आले असते ते मागून मिळत नाही.

वाट पाहिली तर तो आपोआप बरा होतो का?

दुखणे बहुतेकांमध्ये आपोआप थांबते, आणि इथेच फसगत होते. दुखायचे थांबले म्हणजे बरे झाले, असे रुग्णाला वाटते. प्रत्यक्षात वेदना जाणे ही चट्टा पक्का झाल्याची खूण असते. उपचार न घेतलेल्या पुरुषांवर लक्ष ठेवणाऱ्या एका अभ्यासात सुमारे १२ टक्क्यांचा बाक कमी झाला, ४० टक्क्यांचा तसाच राहिला आणि ४८ टक्क्यांचा वाढला. बाक थोडा असेल आणि संभोग सुखाने होत असेल, तर उपचार न करता लक्ष ठेवणे हा पूर्णपणे योग्य निर्णय असतो, पण तो तपासणीनंतर घेतलेला निर्णय असावा, संकोचातून आपोआप झालेला नसावा.

तपासणीत काय करतात?

आधी प्रश्न विचारले जातात: कधीपासून, दुखते का, बदलते आहे का, ताठरता पूर्वीसारखी येते का, संभोग जमतो का, जोडीदाराला त्रास होतो का. मग डॉक्टर एका हाताने शिथिल लिंगाचे टोक धरून ते हलके ताणतात आणि दुसऱ्या हाताचा अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत ते मुळापासून टोकाकडे चाचपत जातात. निरोगी वेष्टन चिमटीतून सहज सरकते, तर चट्टा आला की बोटे अडतात आणि तेथे कार्डाच्या तुकड्यासारखी कडा लागते. ताणलेल्या अवस्थेतील लांबी मोजून लिहून ठेवतात. ही मोजणी करून घ्यावी, असा आग्रह रुग्णाने जरूर धरावा, कारण पुढे शस्त्रक्रियेनंतर "लांबी कमी झाली" असा प्रश्न आला, तर तुलना करण्यासाठी तोच आकडा असतो.

खरा बाक ताठरतेतच दिसतो. त्यासाठी अल्प्रोस्टाडिल किंवा पापाव्हेरीनसारखे औषध बारीक सुईने लिंगात टोचून ताठरता आणतात आणि कोनमापकाने बाक मोजतात. त्याच वेळी रंगीत डॉप्लर सोनोग्राफी केली, तर चट्ट्याचा आकार, त्यातील कॅल्शियम आणि रक्तप्रवाह हे सर्व समजते. प्रत्येकाला पहिल्याच भेटीत हे करावे लागत नाही, पण इंजेक्शनचे उपचार किंवा शस्त्रक्रिया करण्यापूर्वी ते आवश्यक असते. या सुईनंतर आलेली ताठरता ४ तासांहून अधिक टिकली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

घरी काढलेली छायाचित्रे दाखवलेली चालतात का?

चालतात, किंबहुना ती फार उपयोगी पडतात. पूर्ण ताठरता असताना एक छायाचित्र सरळ वरून आणि एक बाजूने, कॅमेरा लिंगाच्या पातळीवर आणून काढावे, कारण तिरक्या कोनातून बाक खोटा दिसतो. दर महिना-दोन महिन्यांनी त्याच पद्धतीने काढलेली छायाचित्रे विकार चालू आहे की थांबला आहे, हे स्मरणशक्तीपेक्षा कितीतरी खात्रीने सांगतात. चेहरा त्यात येऊ देऊ नये आणि ती फोनमध्ये बंदिस्त ठेवावीत.

गोळ्या, तेले किंवा मलमे यांनी वाकडेपणा जातो का?

ई जीवनसत्त्व अनेक दशके दिले गेले. टॅमॉक्सिफेन, प्रोकार्बाझिन, ओमेगा-३ मेदाम्ले हेही वापरून झाले. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ही औषधे या विकारासाठी देऊ नयेत असे म्हटले आहे, कारण त्यांनी बाक कमी होतो असे सिद्ध झाले नाही. सक्रिय टप्प्यात आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके दुखणे कमी करण्यासाठी देतात, तेही मूत्रपिंड व जठर यांचा विचार करून. ताठरता कमी असेल, तर सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. छातीतल्या दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी त्या अजिबात घेऊ नयेत.

तेलांविषयी स्पष्ट सांगायला हवे. वेष्टन त्वचेखाली असते आणि मालिशीचे तेल तेथील चट्टा विरघळवू शकत नाही. "आठ दिवसांत सरळ" अशा जाहिरातींवर पैसे जातात, त्याचे दुःख आहेच, पण त्याहून मोठे दुःख त्यात गेलेल्या महिन्यांचे आहे. जोरजोराने केलेली मालिश तर आधीच दुखावलेल्या वेष्टनाला नवी इजा करते.

ताण देणारी उपकरणे खरोखर उपयोगी आहेत का?

होय, पण ती चिकाटी मागतात. हे उपकरण लिंगाच्या टोकाला पकडून त्याला सौम्य, सतत ताण देते. जुन्या प्रकारची उपकरणे दिवसातून कित्येक तास लावावी लागत आणि रक्ताभिसरणासाठी मध्येमध्ये काढावी लागत. बाकाच्या उलट दिशेनेही ताण देणारी नवी उपकरणे दिवसाला अर्धा ते दीड तास वापरली जातात. काही महिन्यांच्या नियमित वापराने बाकात माफक सुधारणा आणि थोडी लांबी मिळू शकते. उपचारांपैकी लांबी वाढवण्याची शक्यता असलेले मार्ग फार थोडे आहेत आणि त्यांपैकी हा एक असल्यामुळे माझ्या मते त्याचा विचार लवकर व्हायला हवा. टोक निळसर, थंड किंवा बधिर झाले, तर उपकरण लगेच काढावे आणि ते लावून झोपू नये.

लिंगातील इंजेक्शनचा उपचार कोणासाठी आहे?

चट्ट्यातील कोलॅजेन विरघळवणारे कोलॅजेनेज नावाचे विकर अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये या विकारासाठी मान्य झाले. हाताला लागणारा चट्टा आणि ३० अंश किंवा त्याहून अधिक बाक असलेल्या पुरुषांसाठी ते आहे, आणि ते स्थिर टप्प्यात, ताठरता चांगली असलेल्यांना देतात. एका आवर्तनात १ ते ३ दिवसांच्या अंतराने दोन इंजेक्शने चट्ट्यातच देतात, त्यानंतर लिंग हलक्या हाताने उलट दिशेला वाकवण्याचा व्यायाम असतो आणि सुमारे ६ आठवड्यांच्या अंतराने अशी जास्तीत जास्त ४ आवर्तने करतात. ८३२ पुरुषांच्या अभ्यासांत बाक सरासरी ३४ टक्क्यांनी कमी झाला, तर खोटे औषध दिलेल्यांमध्ये तो १८ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे ६० अंशांचा बाक ४० अंशांवर येणे हे चांगले फळ आहे. शून्यावर येण्याची अपेक्षा ठेवली, तर निराशा होते.

इंजेक्शननंतर लिंगावर काळेनिळे पडणे आणि सूज येणे जवळजवळ प्रत्येकाला होते आणि पहिल्यांदा पाहताना ते भीतिदायक वाटते, पण ते ओसरते. वेष्टन फाटण्याचा धोका क्वचित, पण गंभीर असतो, म्हणून प्रत्येक आवर्तनातील दुसऱ्या इंजेक्शननंतर किमान ४ आठवडे संभोग टाळावा लागतो. चट्टा मूत्रमार्गाला चिकटलेला असेल, तर हे औषध देत नाहीत, आणि कॅल्शियम साचलेल्या कडक चट्ट्यावर त्याचा प्रभाव कमी पडतो. हे औषध सर्व देशांत मिळत नाही. त्याऐवजी व्हेरापामिल किंवा इंटरफेरॉनची इंजेक्शनेही काही ठिकाणी देतात.

शॉकवेव्ह उपचाराने, म्हणजे बाहेरून यंत्राने ध्वनिलहरींचे धक्के देऊन, बाक कमी होतो का?

बाक कमी होत नाही. न थांबणारी वेदना कमी करण्यासाठी तो उपयोगी पडू शकतो, एवढेच.

शस्त्रक्रिया कधी आणि कोणती करावी?

बाक स्थिर झाल्यावर आणि तो संभोगाच्या आड येत असेल तेव्हा. कोणती शस्त्रक्रिया करायची, हे बाकाचा कोन, लिंगाचा आकार, शिल्लक लांबी आणि मुख्यतः ताठरता किती चांगली आहे, यावर ठरते.

ताठरता चांगली असेल आणि बाक साधारण ६० अंशांपेक्षा कमी व साधा असेल, तर चट्ट्याच्या विरुद्ध, म्हणजे लांब बाजूला न विरघळणारे टाके घालून वेष्टनाची चुणी घेतात. शर्टाची बाही आखूड करताना शिंपी जशी दुमड घालतो, तसेच हे काम आहे. चट्ट्याला हात लागत नाही, त्यामुळे ताठरतेला धोका कमी असतो आणि बहुतेकांचे लिंग पुरेसे सरळ होते. मात्र लांब बाजू आखूड केल्यामुळे थोडी लांबी जाते आणि बाक जितका मोठा तितकी ती जास्त जाते. त्वचेखाली टाक्यांच्या गाठी काहींना हाताला लागतात.

बाक ६० अंशांहून मोठा असेल किंवा डमरूसारखा आकार असेल, तर चट्ट्याला छेद देऊन किंवा त्याचा काही भाग काढून तेथे ठिगळ लावतात. त्यासाठी स्वतःची शीर, गालाच्या आतील अस्तर किंवा प्रक्रिया केलेले हृदयावरणाचे पटल वापरतात. यात लांबी अधिक वाचते, पण नंतर ताठरता कमी होण्याचा आणि टोक बधिर होण्याचा धोका चुणीच्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त असतो. आधीच ताठरता डळमळीत असलेल्या पुरुषाला हा मार्ग सुचवला गेला, तर त्याने दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.

गोळ्या घेऊनही ताठरता येत नसेल आणि बाकही असेल, तर लिंगात कृत्रिम रोपण बसवणे हा दोन्ही तक्रारींवरचा एकच उपाय ठरतो. फुगवता येणाऱ्या रोपणात दोन नळकांडी लिंगात, पंप अंडकोषाच्या पिशवीत आणि द्रवाची पिशवी पोटात असते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. उरलेला बाक शस्त्रक्रियेतच हाताने वाकवून किंवा छेद देऊन सरळ करतात.

शस्त्रक्रियेनंतर लांबी पूर्वीसारखी होते का?

विकार होण्यापूर्वीची लांबी कोणत्याही शस्त्रक्रियेने पूर्णपणे परत मिळत नाही. विकाराने स्वतःच काही लांबी घेतलेली असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि सगळा दोष शस्त्रक्रियेवर जातो. संभोग करता येईल इतके सरळ लिंग हे शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट असते. १०–१५ अंशांचा बाक शिल्लक राहिला, तर त्याला अपयश मानत नाहीत. साधारणपणे ६ ते ८ आठवडे संभोग बंद ठेवावा लागतो. रात्री झोपेत आपोआप येणाऱ्या ताठरतेने पहिले काही दिवस टाक्यांवर ताण येऊन दुखते. त्यामुळे टाके तुटले, असे समजून घाबरू नये.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा जावे?

संभोगाच्या वेळी "कट्" असा आवाज येऊन ताठरता क्षणात जाणे, तीव्र वेदना होणे आणि लिंग सुजून वांग्यासारखे काळेजांभळे पडणे, ही वेष्टन फाटल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी बर्फ लावून घरी थांबू नये. शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया करून फाटलेले शिवले, तर पुढे बाक आणि ताठरतेचा त्रास होण्याची शक्यता बरीच कमी होते. लघवीतून रक्त आले किंवा लघवी अडली, तर मूत्रमार्गालाही इजा झालेली असू शकते. लाजेमुळे "पलंगावरून पडलो" असे सांगितले जाते. काय घडले ते खरे सांगावे, डॉक्टरांना त्यात नवल नसते.

यामुळे मूल होण्यात अडचण येते का?

वीर्य आणि शुक्राणूंवर या विकाराचा परिणाम होत नाही. संभोगच जमत नसेल, तर तेवढ्यापुरतीच अडचण येते.

हे पत्नीला किंवा जोडीदाराला कसे सांगावे?

पेरोनीच्या रुग्णांच्या अभ्यासांत जवळजवळ निम्म्या पुरुषांमध्ये लक्षणीय नैराश्य आढळले आहे, त्यामुळे झोप उडणे, चिडचिड, जवळीक टाळणे हे सर्व विकाराचाच भाग समजून डॉक्टरांना सांगावे आणि गरज असल्यास समुपदेशकाची मदत घ्यावी. घरात बहुतेकदा असे होते की पुरुष दुखते म्हणून किंवा लाज वाटते म्हणून दूर राहतो, आणि बायको त्याचा अर्थ "माझ्यात काही उरलं नाही" किंवा "बाहेर कोणी आहे" असा लावते. "मला तिथे दुखतंय, आत गाठ झाली आहे, म्हणून मी टाळतोय" हे एवढे वाक्य पुरेसे असते, आणि ते प्रकाशात, कपडे घातलेले असताना, चहा घेता घेता सांगणे अंथरुणात सांगण्यापेक्षा सोपे जाते. कमी ताण येणारी स्थिती कोणती, बाक कोणत्या दिशेला आहे म्हणून तिला कुठे दुखते, हे दोघांनी मिळूनच शोधावे लागते. लिंग निसटून चुकीच्या जागी आदळले की नवी इजा होते, म्हणून घाई टाळावी आणि गरज वाटल्यास वंगण वापरावे. शस्त्रक्रियेची चर्चा ज्या दिवशी असेल, त्या दिवशी जोडीदारालाही सोबत न्यावे. लांबी किती जाईल आणि किती आठवडे थांबावे लागेल, हे दोघांनी डॉक्टरांच्या तोंडून एकदमच ऐकावे.